इजिप्तची मंदिरं, ठाण्याहून: नऊ दिवसांच्या ग्रुप सहलीचा मिनिटांचा हिशेब

नौपाड्यातल्या एका सहल कंपनीची ही इजिप्तची आठ रात्री नऊ दिवसांची ग्रुप सहल. कंपनीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. हाच कार्यक्रम दोन-चार फेरफार करून गोखले रोडपासून वाशीपर्यंत बरेच जण विकतात, आणि तिकडे बस, जहाज, गाइड पुरवणारे एजंटही फारसे वेगळे नसतात. तेव्हा परीक्षण कार्यक्रमाचं आहे असं समजून वाचा.

आखणी अशी: पहिल्या दिवशी मुंबई ते कैरो. दुसऱ्या दिवशी गिझाचे पिरॅमिड आणि ग्रँड इजिप्शियन म्युझियम. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने अस्वान, तिथे उंच धरण आणि फिले, रात्री जहाजावर. चौथ्या दिवशी अबू सिंबेल आणि संध्याकाळी कोम ओंबो. पाचव्या दिवशी एदफू, मग एस्नाचं लॉक (जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी पाण्याची दारं) ओलांडून लक्सर. सहाव्या दिवशी नाईलचा पश्चिम काठ, संध्याकाळी लक्सरचं मंदिर. सातव्या दिवशी कर्नाक. आठव्या दिवशी कैरोला परत, खान अल खलिलीत खरेदी. नवव्या दिवशी घरी.

माहितीपत्रकात ‘२२ प्रेक्षणीय स्थळे’ असं मोठ्या टायपात छापलंय. त्यात धरणही एक स्थळ, बसमधून दाखवलेला पूलही एक. हा आकडा बाजूला ठेवा आणि घड्याळ लावा. अबू सिंबेल १०५ मिनिटं, फिले ७५, कोम ओंबो ५०, एदफू ६०, राजांची दरी १२०, हॅटशेप्सुट राणीचं मंदिर ४५, लक्सर ६०, कर्नाक ९०. एकूण ६०५ मिनिटं, म्हणजे दहा तास पाच मिनिटं. आता दुसरी बाजू: पपायरसचं (लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाचं) दुकान ६०, अत्तराचं ७५, अलाबास्टर दगडाच्या वस्तूंचं ५०, सुती कपडे आणि मसाले ४०. पावणेचार तास. ज्या मंदिरांसाठी माणूस समुद्रापार जातो त्यांना दहा तास आणि दुकानांना पावणेचार, हे प्रमाण या सहलीचं खरं दुखणं आहे. बाकी बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत, त्या पुढे येतीलच.

जाण्याआधी

सहलीआधीची मीटिंग नीट होते. व्हिसाची कागदपत्रं, पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत, बॅगेचं वजन, सगळं समजावून सांगतात. तीन हात नाका आणि माजिवड्याहून विमानतळापर्यंत बस आहे. नवी मुंबईकरांनी मात्र आपापलं टर्मिनल २ गाठायचं. थेट विमानाला सुमारे सहा तास लागतात. हिवाळ्यात इजिप्तचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे तीनलाच जाग येते. कार्यक्रमच एवढ्या पहाटेचा आहे की ते पथ्यावर पडतं.

मीटिंगमध्ये न सांगितलेल्या तीन गोष्टी. एक, तिकडची सॉकेट आपल्या दोन पिनच्या चार्जरला चालतात, पण तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही. प्रवासी इस्त्री किंवा किटली नेणाऱ्यांची पंचाईत होते. दोन, मोठ्या स्थळांच्या तिकीट खिडकीवर आता रोख पैसे घेत नाहीत, कार्डच लागतं. सहलीत धरलेली तिकिटं गाइड काढतो, पण तुतनखामेनचं किंवा पहिल्या सेतीचं थडगं असं वेगळं तिकीट स्वतः काढायचं असेल तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं, परदेशात चालू केलेलं कार्ड जवळ हवं. तीन, सुट्ट्या नोटा. विमानतळावर पैसे बदलताना मोठ्या नोटांची गड्डी हातात पडते आणि स्वच्छतागृहापासून सामान उचलणाऱ्यापर्यंत सगळ्यांना लागते ती लहान नोट. जहाजाच्या काउंटरवर पहिल्याच संध्याकाळी मोड करून घ्यावी.

बक्षीस हा शब्द तिकडेही चालतो, उच्चार तेवढा ‘बक्षीश’. मंदिरातला झब्बेवाला रखवालदार डोळ्यांनी खुणावतो, अंधाऱ्या खोलीची साखळी काढतो, भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवतो आणि हात पुढे करतो. खोलीत शिरलात की व्यवहार झाला. नको असेल तर साखळीपाशीच मान हलवायची. गाइड, ड्रायव्हर आणि जहाजावरच्या लोकांची टिप कंपनी डॉलरमध्ये आधीच गोळा करते, ही पद्धत सोयीची आहे. मात्र ती रक्कम सहलीच्या किमतीत धरलेली नसते. जाहिरातीतला आकडा वाचताना ते लक्षात ठेवायचं.

अबू सिंबेल

अस्वानहून अबू सिंबेल सुमारे २८० किलोमीटर. ठाण्याहून कराडला जावं जवळपास तेवढं, फक्त मध्ये फूड मॉल नाही, वडापावची गाडी नाही, झाडही नाही. बस पहाटे चारला निघते, वाटेत एका टपरीवर एकदाच थांबते आणि साडेसातच्या सुमारास पोचते. न्याहारीचा डबा जहाजावरून मिळतो: पाव, चीज, उकडलेलं अंडं, एक फळ. शाकाहाऱ्यांनी आदल्या रात्री जहाजाच्या काउंटरवर सांगून ठेवलं नाही तर अंड्याच्या जागी काहीच येत नाही. ठेपले किंवा दशम्यांची खरी गरज या एका सकाळी आहे. बसमध्ये जाताना डाव्या खिडकीत सूर्योदय दिसतो. परतीच्या वाटेवर दहा-अकराच्या सुमारास रस्त्याच्या कडेला लांबवर पाण्याचं तळं पसरलेलं दिसतं. ते मृगजळ. लहान मुलांना पाठ्यपुस्तकातली आकृती आठवते आणि सगळी बस एका बाजूला झुकते.

इथल्या १०५ मिनिटांचं काय होतं ते पाहा. पार्किंगपासून मंदिराचं तोंड दिसत नाही. कृत्रिम टेकडीला वळसा घालून जावं लागतं. चालणं, तिकिटाची रांग आणि स्वच्छतागृह यांत २५ मिनिटं जातात. २० मिनिटं गाइड बाहेर बोलतो. उरली ६०, त्यांत दोन मंदिरं. आणि अस्वानहून पहाटे निघालेल्या सगळ्या बसगाड्या एकाच वेळी पोचतात, त्यामुळे साडेसात ते नऊ मोठ्या मंदिरात दादर स्टेशनच्या पुलासारखी गर्दी असते.

यावर उपाय सोपा आहे. सगळे समोरच्या रामसेस दुसऱ्याच्या मोठ्या मंदिरात घुसत असताना आपण आधी उजवीकडे नेफर्तारीच्या लहान मंदिरात जायचं. तिथे दर्शनी भिंतीत सहा उभे पुतळे आहेत, चार राजाचे आणि दोन राणीचे, आणि राणीची उंची राजाएवढीच, सुमारे १० मीटर. इजिप्तमध्ये राणी बहुधा राजाच्या गुडघ्याशी उभी असते, म्हणून हे पाहण्यासारखं. हे २० मिनिटांत होतं. तोवर मोठ्या मंदिरातली पहिली लाट ओसरते.

मोठ्या मंदिराचे चार बसलेले पुतळे सुमारे २० मीटर उंच आहेत. डावीकडून दुसऱ्याचं डोकं आणि धड प्राचीन काळीच भूकंपात कोसळलं, ते पायाशी पडलेलं आहे. आणि हे सगळं आज ज्या जागी आहे ती मूळ जागा नव्हे. अस्वानच्या उंच धरणाचं पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या मोहिमेत दोन्ही मंदिरं करवतीने हजाराहून अधिक ठोकळ्यांत कापली आणि सुमारे ६५ मीटर वर, २०० मीटर मागे पुन्हा जुळवली. मागची टेकडी पोकळ आहे, तिच्या पोटात काँक्रीटचा घुमट आहे. उजनीच्या पाण्यात गेलेलं आणि उन्हाळ्यात वर येणारं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना इथे काय वाचलं ते वेगळं सांगायला नको. जवळ जाऊन पुतळ्याच्या पोटरीकडे बघा: वाळूच्याच रंगाच्या चुन्याने भरलेली बारीक सरळ रेष दिसते, ती करवतीची. दाराच्या डावीकडच्या बैठ्या रामसेसच्या पायावर ग्रीक अक्षरं खरवडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या भाडोत्री ग्रीक सैनिकांनी नावं कोरून ठेवली. गडावर बदाम कोरणाऱ्यांची परंपरा एवढी जुनी आहे. गाइडने या दोन्ही गोष्टी दाखवल्या नाहीत. धरणाच्या आकडेवारीत मात्र दहा मिनिटं घालवली.

गाइडची कसोटी इथेच लागते. अबू सिंबेलच्या मंदिरांत आणि राजांच्या दरीतल्या थडग्यांत गाइडला आत बोलायला परवानगी नाही. जे सांगायचं ते बाहेर, फोटो किंवा नकाशा हातात धरून. चांगला गाइड लॅमिनेट केलेली पानं आणतो आणि ‘आत गेल्यावर उजवीकडच्या भिंतीवर कादेशची लढाई, डावीकडे राजा शत्रूला मारतोय, शेवटी गाभाऱ्यात चार मूर्ती’ असं अनुक्रमाने सांगतो. या सहलीचा गाइड माणूस भला, इंग्रजी स्वच्छ, पण नुसताच बोलत होता. टूर मॅनेजर त्याचं मराठी करून सांगतो, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो. ३८ माणसांच्या ग्रुपला कानात लावायची ऐकण्याची यंत्रं दिलेली नाहीत. कर्नाकमध्ये मागच्या पंधरा जणांना फक्त मॅनेजरची छत्री दिसते. ही यंत्रं भाड्याने मिळतात. एवढ्या पैशांत ती असायलाच हवीत.

गाभारा दारापासून सुमारे ६० मीटर आत. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचा किरण तिथवर पोचतो आणि आमून-रा, रामसेस आणि रा-होराख्ती उजळतात. चौथा प्ताह पाताळाशी नातं असलेला देव, तो अंधारात राहतो. कोल्हापूरचा किरणोत्सव माहीत असलेल्यांना हे एका वाक्यात कळतं.

मंदिर कसं वाचायचं

सहलीत याला एक मिनिटही दिलेलं नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर.

नदीकाठची बहुतेक मंदिरं एकाच आराखड्याची. आधी दोन उतरत्या भिंतींचं महाद्वार, त्याला पायलॉन म्हणतात. मग उघडं अंगण, मग खांबांची गर्दी असलेला सभामंडप, मग एकामागून एक लहान होत जाणारी दालनं आणि शेवटी गाभारा. आत जाताना जमीन हळूहळू चढत जाते आणि छत खाली येतं. उजेडही दालनागणिक कमी होतो. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या आहेत, इथे नेमकं उलटं. इजिप्तच्या कल्पनेत आदिजलातून वर आलेली पहिली टेकडी म्हणजे गाभारा, आणि मंडपातले खांब म्हणजे भोवतीची पाणथळ: पपायरस आणि कमळ. खांबाचा माथा मिटलेल्या कळीचा आहे की उमललेल्या फुलाचा हे वर मान करून बघा. कर्नाकमध्ये मधल्या रांगेतले १२ उंच खांब उमललेले आहेत, बाजूचे १२२ मिटलेले. मधल्या खांबांची उंची सुमारे २१ मीटर, आणि छत तिथे वर उचललेलं असल्याने दगडी जाळीतून उजेड नेमका मधल्या वाटेवर पडायचा.

कोरीव कामाच्या दोन तऱ्हा आहेत. बाहेरच्या भिंतींवर आकृती दगडात आत खोदलेली असते, कारण तिकडच्या भगभगीत उन्हात खोल कडेची सावली पडते आणि रेष लांबूनही दिसते. आतल्या भिंतींवर आकृती वर उठलेली असते, तिथे दिव्याचा मंद उजेड पुरतो. याचा व्यवहारातला अर्थ: बाहेरच्या भिंती सकाळी किंवा उतरत्या उन्हात बघायच्या, दुपारी बाराला त्या सपाट दिसतात. आत मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता भिंतीला चिकटून तिरपा धरायचा. तीच भिंत क्षणात जिवंत होते, बोटांची नखं आणि पारदर्शक वस्त्राच्या चुण्या दिसायला लागतात. मोबाइलने फोटो काढता येतात, फ्लॅश चालत नाही.

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं तर एदफू. होरस देवाचं हे मंदिर इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये पुरं झालं. छतासकट उभं आहे. पायलॉन ३६ मीटरचा, घोडबंदर रोडवरच्या बारा मजली इमारतीएवढा. गाभाऱ्यातला करड्या ग्रॅनाइटचा देव्हारा मंदिराहूनही जुना, आधीच्या देवळातून आणून ठेवलेला. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणापथासारखी वाट आहे आणि बाहेरच्या तटभिंतीच्या आतल्या अंगावर होरस आपला शत्रू सेत देवाला मारतो ती कथा. सेत तिथे पाणघोड्याच्या रूपात आहे आणि मुद्दाम इवलासा कोरलाय, म्हणजे चित्रातून त्याने कुणाला अपाय करू नये. ३८ जणांपैकी तिकडे पोचले फार तर सहा. साठ मिनिटांत वीस रांगेत गेली होती.

एदफूला जहाजापासून मंदिरापर्यंत घोडागाडी देतात, चौघांना एक. गाडीचा क्रमांक लक्षात ठेवा. परतीला तीच गाडी पकडावी लागते आणि सगळे घोडेवाले एकसारखे हाक मारतात. सहलीत भाडं धरलेलं असूनही उतरताना पैसे मागतात. बऱ्याच घोड्यांची हाडं दिसतात. आधी सांगितलं तर टूर मॅनेजर मोटारीची सोय करून देतो, तीच घ्यावी.

फिले, कोम ओंबो आणि जहाज

फिलेचं इसिस देवीचं मंदिरही हलवलेलंच, १९७२ ते १९८० मध्ये शेजारच्या अगिल्किया बेटावर. खांबांवर एका उंचीपर्यंत रंग बदललेला दिसतो. १९०२ मध्ये पुऱ्या झालेल्या जुन्या धरणामुळे मंदिर वर्षातले कित्येक महिने पाण्यात उभं असायचं, ती पाणरेषा. हेड्रियनच्या दारावर २४ ऑगस्ट ३९४ या तारखेचा लेख आहे, चित्रलिपीतला ज्ञात असलेला शेवटचा. बेटावर मोटारबोटीने जावं लागतं आणि बोटीचं भाडं प्रवेश तिकिटात नसतं. एकट्यादुकट्याला तिथे बरीच घासाघीस करावी लागते. ग्रुपला ती कटकट नाही. सहलीचे पैसे इथे वसूल होतात.

कोम ओंबो संध्याकाळी दिव्यांत दाखवतात. सगळी जहाजं त्याच वेळी लागतात. हे जुळं मंदिर आहे, डावी बाजू थोरल्या होरसची, उजवी मगरदेव सोबेकची, दोन दारं, दोन गाभारे. शेजारी मगरींच्या ममींचं छोटं संग्रहालय आणि नाईलची पातळी मोजायची विहीर. ती विहीर बघताना आपली बारव आठवते.

जहाज स्वच्छ आहे, खोल्या ऐसपैस आहेत आणि वरच्या डेकवरची चहाची वेळ छान जाते. बंदरात जहाजं एकमेकांना चिकटून चार-पाच ओळीत उभी राहतात, त्यामुळे किनाऱ्यावर जायला दुसऱ्या जहाजांच्या लॉबीतून जावं लागतं आणि पडदा उघडला तर समोर नदीऐवजी पलीकडच्या जहाजातले काका दात घासताना दिसतात. जहाजाचं नाव आणि खोलीची किल्ली घेतल्याशिवाय उतरू नका. एस्नाच्या लॉकपाशी जहाज थांबलं की खालून होडीवाले ओरडत येतात आणि टेबलक्लॉथ, झब्बे प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट डेकवर भिरकावतात. पसंत पडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे. हे ठरवून फिरवलेल्या दुकानांपेक्षा कितीतरी रंजक आहे आणि भावही निम्म्याने उतरतो. जहाज तिथे काठाला लागत असेल तर ख्नूम देवाचं मंदिर बघण्याची मागणी करा. रस्त्याच्या पातळीच्या खाली, खड्ड्यात आहे. गेल्या काही वर्षांत छतावरची काजळी साफ केल्यामुळे मूळचे रंग बाहेर आलेत. कार्यक्रमात नाही, हे नवलच.

जेवणाबद्दल: जहाजावर बुफे, शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. बाहेर कोशारी डोळे मिटून खावी: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा सॉस आणि कुरकुरीत कांदा. तामिया म्हणजे वालवर्गातल्या फावा बियांचे वडे, आपल्या जिभेला लगेच पटतात. मुलुखिया ही हिरवी पातळ भाजी दिसायला शाकाहारी, पण बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. मसुराच्या सुपाचंही विचारून घ्यावं. ‘भाजी आहे ना’ असं विचारलं तर उत्तर हो असंच येतं. ‘रस्सा कशाचा’ असं विचारायचं. जैन जेवण कागदावर लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात भात, दही आणि काकडी.

पश्चिम काठाचा दिवस

सगळ्यात भरगच्च आणि सगळ्यात वाईट आखलेला दिवस. हॅटशेप्सुटचं मंदिर पूर्वेला तोंड करून कड्याच्या पायथ्याशी उभं आहे, तीन गच्च्यांचं. सकाळचं ऊन थेट आत शिरतं आणि दुसऱ्या गच्चीवरच्या ओवरीत पुंत देशाच्या सफरीचं कोरीव काम उजळतं: जहाजं, मुळांसकट उचललेली सुगंधी झाडं, पाण्यातले मासे. हे आठ वाजता बघायचं. कार्यक्रमात ते साडेअकराला आहे, अलाबास्टरच्या दुकानानंतर. तोवर ते चुनखडीचं खोरं तव्यासारखं तापतं आणि पंचेचाळीस मिनिटांतली वीस सावली शोधण्यात जातात.

राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. कुठली उघडी आहेत ते बदलत राहतं, पण निवड गुडघ्यांवरून करावी. रामसेस चौथ्याचं रुंद, उताराचं सौम्य, रंग भरपूर, ज्येष्ठांसाठी हेच. मर्नेप्ताहचं खूप खोल उतरतं, येताना दम लागतो. रामसेस तिसऱ्याचं लांबलचक, बाजूच्या छोट्या खोल्यांत रोजच्या जगण्याची चित्रं. गाइडने सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. त्याऐवजी दोन गट केले असते तर अर्धा तास वाचला असता. तुतनखामेनच्या थडग्याचं वेगळं तिकीट आहे. ते लहान आहे, चित्रं एकाच खोलीत, आणि खजिना आता ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये. ममी मात्र अजून तिथेच. नाव म्हणून जायचं तर जा. भिंतींसाठी रामसेस पाचवा-सहावा यांच्या सामायिक थडग्याचं जादा तिकीट जास्त मोलाचं, छतावर आकाशदेवी नूत सूर्याला गिळते आणि जन्म देते.

अलाबास्टरच्या दुकानाची ५० मिनिटं मेदिनेत हाबूला दिली असती तर दिवस सुधारला असता. मेम्नॉनच्या दोन भव्य बैठ्या पुतळ्यांपासून ते गाडीने काही मिनिटांवर आहे. रामसेस तिसऱ्याचं हे मंदिर. अक्षरं एवढी खोल कोरलीत की खाचेत कबुतरं बसतात. एका भिंतीवर शत्रूच्या कापलेल्या हातांचे ढीग आणि शेजारी ते मोजणारा कारकून. ग्रुप बस इथे सहसा वळत नाहीत, म्हणून शांतताही मिळते. सगळ्यांनी मिळून आदल्या रात्री टूर मॅनेजरला सांगितलं तर दुकान वगळता येतं. कमिशन बुडतं म्हणून कुरकुर होते, पण होतं.

दुकानांबद्दल आणखी थोडं. पपायरस खरा असेल तर उजेडासमोर धरल्यावर एकमेकांवर आडव्या-उभ्या ठेवलेल्या पट्ट्या दिसतात आणि गुंडाळला तर तुटत नाही. रस्त्यावर मिळतो तो बहुधा केळीच्या पानांपासून केलेला, दुमडला की भेग पडते. अलाबास्टरच्या वाटीत टॉर्च ठेवला की भिंत उजळायला हवी.

अबिदोस आणि देन्देरा

सातव्या दिवशी कर्नाकनंतर दुपार मोकळी आहे आणि देन्देरा-अबिदोस ‘ऐच्छिक, जादा शुल्क’ म्हणून लिहिलंय. हे फसवं आहे. देन्देरा लक्सरपासून ६० किलोमीटर, अबिदोस सुमारे १६०. दोन्हींना पूर्ण दिवस लागतो, अर्ध्या दिवसात एकच. अर्धाच दिवस असेल तर देन्देरा: हाथोर देवीच्या मंदिराचं छत साफ केल्यापासून आकाशी निळं दिसतं, गच्चीवर जाता येतं. गच्चीवरच्या खोलीतलं राशिचक्र नक्कल आहे, अस्सल १८२१ मध्ये काढून नेलं, ते पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये. पूर्ण दिवस काढता आला तर आधी अबिदोस. पहिल्या सेतीच्या मंदिरातलं उठावाचं काम इजिप्तमधल्या सर्वोत्तमांपैकी आहे, आणि ७६ राजांच्या नावांची भिंत आहे. त्यात हॅटशेप्सुट नाही, अखेनातेन आणि तुतनखामेनही नाहीत. नकोशा पूर्वजांना वंशावळीतून गाळायची रीत सगळीकडे सारखीच.

या दोन ठिकाणी गाइडची पत कळते. देन्देराच्या तळघरात ‘विजेचा बल्ब’ आणि अबिदोसच्या तुळईवर ‘हेलिकॉप्टर’ दाखवणारा गाइड मिळाला तर हसून पुढे चला. बल्ब म्हणजे कमळातून निघणारा साप. हेलिकॉप्टर म्हणजे सेतीची बिरुदं गिलाव्याने बुजवून त्यांवर रामसेसची कोरली आणि पुढे गिलावा पडला, दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळली, एवढंच. या सहलीच्या गाइडने हेलिकॉप्टर पूर्ण गांभीर्याने दाखवलं.

कुणी जावं, कधी जावं

पहिल्यांदा जाणाऱ्यांना, पासष्टीच्या पुढच्यांना, आणि भाषा, बोट, टिप यांची घासाघीस नको असलेल्यांना ही सहल सोयीची आहे. औषधांची पेटी सोबत होती, ओआरएसची पाकिटं होती, बसमध्ये दर तासाला पाणी मिळायचं, कुणी मागे राहिलं नाही. व्यवस्थेला दहापैकी आठ, मंदिरांना दिलेल्या वेळेला चार. ज्यांनी आधी वाचून ठेवलंय त्यांनी चार-सहा जणांत अस्वान आणि लक्सरला स्वतंत्र गाडी आणि परवानाधारक गाइड घेतला तर खर्च फार वाढत नाही आणि दुकानांतले पावणेचार तास परत मिळतात. सिवाच्या मरूद्यानातलं, सिकंदर कौल घ्यायला गेला होता ते आमूनचं मंदिर, किंवा खार्गाचं हिबिस या कार्यक्रमात नाही, आणि ते बरोबरच आहे. सिवा कैरोपासून पाचशे किलोमीटरहून दूर आहे. नऊ दिवसांत तेही कोंबणारी जाहिरात दिसली तर दोन दिवस बसमध्येच जातील हे ओळखा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मेच्या सुट्टीतली बॅच थोडी स्वस्त असते, पण अस्वानला तेव्हा चाळीस अंशांच्या वर जातं आणि दहानंतर काहीच बघून होत नाही. बुकिंग करताना कार्यक्रमाच्या छापील कागदावर प्रत्येक मंदिरासमोर किती मिनिटं ते पेनाने लिहून, सही करून मागा. हॅटशेप्सुट सकाळी आहे की दुपारी तेही विचारा. आणि २२ फेब्रुवारीची ‘सूर्यकिरण विशेष’ बॅच घ्यायची असेल तर मुक्काम अबू सिंबेल गावातच आहे याची खात्री करा. चारला अस्वानहून निघालेली बस साडेसातला पोचते, आणि सूर्य त्याच्या बराच आधी उगवलेला असतो.